जळला तर जळू दे, दुसरा घे

गेल्या रविवारी माझ्याकडे इलेक्ट्रॉनिक्स शिकायला येणाऱ्या आठवीतल्या एका मुलीच्या हातून आर्डुइनो बोर्ड जळला. आर्डुइनो म्हणजे प्रोग्राम टाकून दिवे, सेन्सर चालवता येतात अशी छोटी सर्किटची पट्टी. बारा व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरची वायर व्ही-इन ह्या जास्त व्होल्टेज घेणाऱ्या पिनेऐवजी पाच व्होल्टच्या पिनेत गेली. त्यावरच्या एटीमेगा 328 चिपला सहा व्होल्टच्या वर सोसत नाही. टक् असा आवाज, जळका वास, आणि पोरगी रडवेली. मी ड्रॉवरमधून दुसरा काढून दिला आणि म्हटलं, आता आधी मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघ.

तिला न्यायला आलेले वडील म्हणाले, "सर, चायना माल ना, म्हणून जळला." तिथे थोडक्यात बोललो. सविस्तर इथे लिहितो, कारण हे वाक्य मी गेली दहा वर्षं ऐकतोय.

मूळ इटालियन बोर्ड असता तरी तो जळलाच असता. चिप तीच, मर्यादा तीच. आर्डुइनो 2005 साली इटलीतल्या इव्रेया गावात विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला ठेवला गेला. कुणीही तो बोर्ड बनवावा, विकावा. फक्त नाव आणि चिन्ह वापरू नये. म्हणजे चीनच्या शेनझेनमध्ये बनलेली प्रतिकृती ही चोरी नव्हे. फरक असतो तो बहुतेक वेळा बोर्ड संगणकाशी जोडणाऱ्या यूएसबीच्या चिपमध्ये. मूळ बोर्डावरच्या महाग चिपऐवजी इथे सीएच 340 नावाची स्वस्त चिप असते, तिचा ड्रायव्हर एकदा टाकला की काम झालं. किंमत मात्र मूळ बोर्डाच्या मानानं अगदी किरकोळ.

2015 साली मी पहिल्यांदा चीनमधून दहा नॅनो, म्हणजे आर्डुइनोचे छोटे बोर्ड, मागवले. पाच आठवडे लागले. पोस्टमनकाकांनी करड्या पिशवीतलं पाकीट हातात दिलं तेव्हा ते येईल ही आशाच मी सोडली होती. त्याआधी माझ्याकडे एकच बोर्ड होता, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, आणि मुलांनी त्याला हात लावला की माझा जीव वर-खाली व्हायचा. मी करून दाखवायचो, मुलं बघायची. दहा बोर्ड आले आणि मुलं करायला लागली. माझ्या शिकवण्यातला सगळ्यात मोठा बदल त्या करड्या पाकिटानं केला, हे मी अगदी मनापासून सांगतो.

मग ईएसपी 8266 हातात आला. एवढ्याशा पट्टीवर वायफाय, तेही दोन-तीनशे रुपयांत. तासगावकडच्या एका मुलानं त्यावर आर्द्रतेचा सेन्सर जोडून घरच्या बेदाणा शेडमध्ये टांगला. शेडमधली हवा किती दमट आहे ते बापाला मोबाईलवर दिसायला लागलं. त्या पोराचे आधी तीन सेन्सर वाया गेले होते. प्रत्येक सेन्सर दीड हजाराचा असता तर पहिला गेल्यावरच घरातून "पुरे आता" असं आलं असतं.

म्हणूनच आपल्या नियमांबद्दल मला राग आहे. कीबोर्ड, माऊस अशा संगणकाच्या वस्तूंवर व्यापाऱ्याला मूळ सीमाशुल्क शून्य. 1996 च्या माहिती तंत्रज्ञान करारात आपण 1997 साली सामील झालो, त्यामुळे. तो हजार माऊस आणतो आणि जीएसटी तेवढा भरतो. पण विद्यार्थ्यानं तोच माऊस स्वतःसाठी एक मागवला की तो 'वैयक्तिक आयात' ह्या वेगळ्या रकान्यात जातो. 2018 साली त्या रकान्यात शुल्क, अधिभार आणि जीएसटी मिळून 42 टक्क्यांच्या आसपास भरावे लागत, आणि तेही टपालखर्च धरून काढलेल्या किमतीवर. एक नग घेणाऱ्याला हजार नग घेणाऱ्यापेक्षा जास्त कर का? याचं पटेल असं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

पाकिटावर 'गिफ्ट' लिहून शुल्क चुकवण्याचे प्रकार सर्रास चालत, हे खरं आहे, आणि ते चूकच होतं. डिसेंबर 2019 मध्ये ती वाट बंद झाली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. नोव्हेंबर 2020 मध्ये 43 अ‍ॅपवर बंदी आली, त्यात चीनमधून एकेक नगही मागवता यायचा ते अलीएक्सप्रेस गेलं. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न मी हलका समजत नाही. पण त्या दिवशी माझ्यासारख्यांच्या हातून काय गेलं, याची कुठे नोंदही झाली नाही. आता तोच माल इथले विक्रेते घाऊक आणतात. दोन-चार दिवसांत मिळतो, खराब निघाला तर परत घेतात, पुण्यात तपकीर गल्लीत हातात घेऊनही बघता येतो. चांगलं आहे. नेहमीचे पार्ट मी हल्ली इथूनच घेतो. अडतं ते वेगळं काही हवं असलं की. ज्या सेन्सरचे वर्षाला पाच नग खपतील तो कुठला व्यापारी आणेल?

आता जिथे वडिलांचं म्हणणं बरोबर आहे तेही सांगतो. बाहेरच्या एका विक्रेत्याकडून मी दोन टीबीचा पेनड्राइव्ह घेतला होता. आत जागा अगदी थोडी, पण कंट्रोलरमध्ये खोटा आकडा भरलेला. जागा संपल्यावर नव्या फायली घेतल्यासारखं दाखवायचा आणि त्या नुसत्याच नाहीशा व्हायच्या. एका सहलीचे सगळे फोटो गेले. तेव्हापासून नवा पेनड्राइव्ह आला की एच-टू-टेस्ट-डब्ल्यू ह्या तपासणीच्या प्रोग्रामनं पूर्ण भरून, परत वाचून बघतो. 18650 ह्या दंडगोल लिथियम सेलवर 9900 एमएएच (किती वीज साठते तो आकडा) छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊच नका. त्या आकारात चांगल्यातला चांगला सेल साडेतीन ते चार हजार एमएएचच्या आसपास देतो. आणि 230 व्होल्टला लागणारी कुठलीही वस्तू, चार्जर, अ‍ॅडॉप्टर, सोल्डरिंग गन, ही बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का बघून, बिल घेऊन, इथल्या दुकानातूनच घ्या. पाच व्होल्टवर चूक झाली तर बोर्ड जातो. 230 वर माणूस जातो.

त्या मुलीनं जळलेला बोर्ड घरी नेलाय, चिप भिंगातून बघायला. माझ्या ड्रॉवरमध्ये अजून सात नॅनो पडून आहेत. सांगली-मिरजेत कुणाच्या घरी असा हात शिवशिवणारा पोरगा किंवा पोरगी असेल तर कमेंटमध्ये कळवा. रविवारी दहाला पाठवा, मीटर मी देतो.