झोन ओलांडण्याची किंमत कोण मोजतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. पोस्टग्रेस या डेटाबेसचे तीन नोड (सर्व्हर) क्लाउडच्या तीन झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या डेटा सेंटरमध्ये), सिंक्रोनस रेप्लिकेशन (दुसऱ्या प्रतीची पोचपावती आल्यावरच लिखाण पक्कं मानणं) आणि वर पॅट्रोनी (मुख्य नोड पडला की दुसरा पुढे आणणारं साधन), अशी मांडणी माझ्या लेखात सुचवली होती. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: झोन ओलांडल्यामुळे सगळंच मंदावतं. त्यापेक्षा एकाच झोनमध्ये दोन मशीन, लोकल एनव्हीएमई डिस्क (मशीनलाच जोडलेली वेगवान डिस्क), असिंक्रोनस रेप्लिकेशन (पोचपावतीची वाट न पाहता प्रत पाठवणं) आणि एक व्हर्च्युअल आयपी (चालू मशीनकडे सरकणारा सामायिक पत्ता) पुरे. शिवाय पीजीबेंच या वेग मोजणाऱ्या साधनाच्या १० मिनिटांच्या चाचणीत तुमची मांडणी वेगवान ठरली. वेगाचा आग्रह रास्तच आहे. पण वेळ नेमका कुठे जातो, तो हिशेब मांडून पाहू.

फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. ५० किलोमीटरवरच्या झोनला जाऊन यायला अर्धा मिलिसेकंद, मधली उपकरणं धरून एक समजा. आता डेटाबेसचा एक व्यवहार घ्या: बिगिन (सुरुवात), १२ क्वेरी, कमिट (पक्कं करणं), म्हणजे ॲप आणि डेटाबेस यांच्यात १४ फेऱ्या. ॲप प्रायमरीच्याच (लिखाण स्वीकारणाऱ्या मुख्य नोडच्याच) झोनमध्ये असेल आणि तिथली फेरी ०.२ मिलिसेकंदाची असेल, तर नेटवर्कचे २.८ मिलिसेकंद होतात. सिंक्रोनस रेप्लिकेशनमुळे त्यात एकदाच, शेवटच्या कमिटला, एक मिलिसेकंद आणि स्टँडबायच्या (प्रत ठेवणाऱ्या नोडच्या) डिस्कवर लिहिण्याचा वेळ वाढतो. नुसत्या वाचणाऱ्या क्वेरीला काहीच भुर्दंड नाही. उलट ॲप दुसऱ्या झोनमध्ये असेल, तर चौदाही फेऱ्या एकेक मिलिसेकंदाच्या होतात. ‘सगळंच मंदावतं’ हा अनुभव बहुतेक वेळा इथून येतो, आणि त्याचं खापर रेप्लिकेशनवर फुटतं. उपाय ॲपच्या बाजूला आहे: प्रत्येक झोनमध्ये ॲपच्या प्रती ठेवा, ट्रॅफिक प्रायमरी असलेल्या झोनकडे वळवा, आणि १२ क्वेरींच्या जागी चार कशा करता येतील ते पाहा.

शिवाय सिंक्रोनस कमिटचं सेटिंग अख्ख्या सर्व्हरला एकच ठेवायची सक्ती नाही. ते व्यवहारागणिक बदलता येतं. पैशांच्या नोंदींना ‘ऑन’ (स्टँडबायची वाट पाहा), क्लिकच्या लॉगला ‘लोकल’ (फक्त स्वतःच्या डिस्कची). हे एवढं केलं तरी बरीचशी तक्रार मिटते.

आता असिंक्रोनसबद्दल, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे. क्लाउडमध्ये मशीन नुसतं बंद पडत नाही, ते गोठतंही. देखभालीसाठी होस्ट (खालचं खरं मशीन) बदलताना व्हीएम (आभासी मशीन) काही काळ थबकतं आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतं. पॅट्रोनीत लीडरच्या किल्लीची (प्रायमरी कोण ते सांगणाऱ्या, सतत नूतनीकरण लागणाऱ्या नोंदीची) मुदत मुळात ३० सेकंद असते. प्रायमरी त्याहून जास्त गोठली, तर दुसरा नोड लीडर होतो. मग जुनी प्रायमरी जागी होते आणि आपण पदावरून गेलोय हे कळेपर्यंत जुन्या कनेक्शनवरची लिखाणं स्वीकारत राहते. असिंक्रोनसमध्ये ती लिखाणं ‘यशस्वी’ म्हणून ॲपला कळवली जातात, आणि नंतर पीजी-रिवाइंड (जुन्या नोडला नव्या लीडरशी जुळवणारं साधन) चालवताना पुसली जातात. सिंक्रोनसमध्ये तेच कमिट पोचपावतीसाठी अडून राहतं, कारण स्टँडबाय एव्हाना नव्या लीडरकडे गेलेले असतात. एखादा स्टँडबाय अजून जुन्यालाच चिकटून असण्याची फट मधल्या क्षणांत राहते. ती बुजवायला वॉचडॉग लावायचा. किल्लीचं नूतनीकरण झालं नाही की तो मशीनच रीबूट करतो.

तुमच्या दोन नोडांच्या मांडणीत तर हा निवाडा करणारं कुणीच नाही. दुवा तुटला की दोघांनाही समोरचा मेला असंच वाटतं. म्हणून एटसीडीचे (लीडरची किल्ली बहुमताने जपणाऱ्या सेवेचे) तीन सदस्य तीन झोनमध्ये हवेत. त्यांची मशीन लहान चालतील, डिस्क मात्र मंद चालत नाही: लॉगच्या एफसिंकचा (डिस्कवर पक्कं लिहिण्याच्या वेळेचा) ९९वा पर्सेंटाइल (शंभरातल्या नव्याण्णव वेळांची मर्यादा) १० मिलिसेकंदांच्या आत असावा, नाहीतर कारण नसताना निवडणुका होत राहतात.

फेलओव्हर (दुसऱ्या नोडकडे सूत्रं जाणं) पटकन व्हावा म्हणून ३० सेकंदांची मुदत १० वर आणू नका. लूप-वेट (दोन तपासण्यांमधला वेळ) आणि रीट्राय-टाइमआउटची (पुन्हा प्रयत्न करायच्या मुदतीची) दुप्पट यांची बेरीज मुदतीपेक्षा जास्त होता कामा नये, आणि पॅट्रोनी २०च्या खाली जाऊही देत नाही.

व्हर्च्युअल आयपीचं एका वाक्यात: स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये तो ग्रॅच्युइटस एआरपीवर (‘हा पत्ता आता माझ्याकडे’ या नेटवर्कवरच्या घोषणेवर) फिरतो, पण मोठ्या क्लाउडच्या आभासी नेटवर्कमध्ये ती घोषणा कुणी ऐकत नाही. त्याऐवजी लोड बॅलन्सर (कनेक्शन योग्य नोडकडे वळवणारा) ठेवा आणि त्याला पॅट्रोनीच्या ८००८ पोर्टवर ‘प्रायमरी’ हा पत्ता तपासायला सांगा. लीडर २०० (ठीक) देतो, बाकीचे ५०३ (उपलब्ध नाही). आणि एक गोष्ट हमखास राहून जाते. मशीन निरोप न घेता गायब झालं, तर आधी उघडलेली कनेक्शन लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार सुमारे १५ मिनिटं उत्तराची वाट पाहत लटकतात. नवा लीडर अर्ध्या मिनिटात तयार, ॲप मात्र पाव तास ठप्प! ॲपच्या बाजूने टीसीपी यूजर टाइमआउट (पोचपावती न आल्यास कनेक्शन तोडण्याची मुदत) १० सेकंद ठेवा. एचएप्रॉक्सी हा लोड बॅलन्सर असेल तर नोड पडल्यावर त्याची सत्रं तोडण्याचा पर्याय चालू करा.

एनव्हीएमई वापरायला माझी ना नाही. पण व्हीएम थांबवून होस्ट सुटला की ती डिस्क कोरी होते. १ टीबीचा डेटा सेकंदाला २५० एमबी वेगाने पुन्हा भरायला तासाहून जास्त लागतो, आणि दोनच नोड असतील तर तेवढा वेळ तुम्ही एका प्रतीवर असता. म्हणजे लोकल डिस्क घेतली की तिसऱ्या नोडची गरज वाढते.

चाचणीबद्दल: १० मिनिटं कमी पडतात. ॲमेझॉनच्या बऱ्याच लहान मशीनना जोडलेल्या डिस्कचा कमाल वेग दिवसातून एकदा अर्धा तास मिळेल एवढीच हमी असते; त्यानंतर मशीनची मूळ मर्यादा लागू होते, डिस्क कितीही महागाची असो. एनव्हीएमईला हा नियम लागू नाही, पण तुलनेतल्या दुसऱ्या बाजूला लागू आहे. तेव्हा दोन्ही मांडण्यांवर निदान दोन तास भार ठेवा. सरासरीऐवजी ९९वा पर्सेंटाइल नोंदवा आणि पोस्टग्रेसच्या पीजी-स्टॅट-रेप्लिकेशन या तक्त्यामधला फ्लश-लॅग (स्टँडबायच्या डिस्कवर पोचायला लागलेला उशीर) सोबत टिपा. भार चालू असतानाच प्रायमरी तोडा. तिला नीट शटडाउन करू नका, कारण त्यात कनेक्शन सभ्यपणे बंद होतात आणि खरी अडचण दिसतच नाही. फायरवॉलने तिचं येणारं-जाणारं सगळं गुपचूप टाकून द्या, मिनिटभराने उघडा, आणि ॲपला ‘यशस्वी’ म्हणून कळवलेल्या नोंदी नव्या लीडरवर एकेक मोजा. ते आकडे इथे टाकलेत, तर पुढची चर्चा त्यांवरच करू.