प्लग काढला म्हणून मायक्रोवेव्ह खोलू नका

'गरम न होणारा मायक्रोवेव्ह घरीच ठीक करा, मेकॅनिकचे पैसे वाचवा' असा मेसेज नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: प्लग काढा, पत्रा खोला, उडालेल्या फ्यूजवर तार गुंडाळा, रिकामाच चालवून बघा, आणि आत ठेवलेल्या मोबाईलची रिंग वाजली तर किरणं गळतात असं समजा. मानेवाड्याच्या आत्याकडे तो पोचला आणि आतेभाऊ पेचकस घेऊन बसलासुद्धा! म्हणून हे लिहितोय.

'प्लग काढला की करंट संपला.' साफ खोटं, आणि जिवावर बेतणारं. साध्या मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर घरच्या 230 व्होल्टचे 2,000 च्या आसपास करतो. पुढे कंडेन्सर (वीज साठवणारा भाग) आणि डायोड मिळून मॅग्नेट्रॉनला, म्हणजे किरणं तयार करणाऱ्या भागाला, 4,000 पर्यंत व्होल्ट देतात. प्लग काढल्यावरही तो कंडेन्सर भरलेला राहू शकतो. तो रिकामा व्हावा म्हणून रेझिस्टर असतो, पण तो जळालेला असला तर बाहेरून कळत नाही. आपल्याकडे उन्हाळा लागला की कूलरचा कंडेन्सर लोक घरीच बदलतात, त्यामुळे इथेही हात घालायची हिंमत होते. पण तो असतो 440 व्होल्टचा. मायक्रोवेव्हच्या कंडेन्सरचा झटका माणूस मारू शकतो. जाणकार मेकॅनिकही तो आधी डिस्चार्ज करतो, मगच आत हात घालतो.

फ्यूज उडतो, एवढं मान्य. पण दिवा लागतोय, ताटली फिरतेय आणि फक्त गरम होत नाही, तर मुख्य फ्यूज शाबूतच आहे, मग तार कशावर गुंडाळता? आणि फ्यूज उगाच उडत नाही. दाराचे स्विच बिघडून दार उघडं असतानाही मशीन सुरू राहायची वेळ आली, तर त्यातला एक स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. तार गुंडाळली की ही राखणच गेली.

मोबाईलची रिंग वाजण्याला काहीच अर्थ नाही. फोन अगदी क्षीण सिग्नलही पकडतो. अमेरिकेच्या एफडीए या सरकारी नियामक संस्थेच्या नियमानुसार पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर गळती दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅटच्या वर जायला नको, तीही मशीनच्या अख्ख्या आयुष्यात; रिंगवरून हे कळत नाही. हो, दार वाकलं असेल किंवा नीट लागत नसेल तर मशीन बंद ठेवा, हे एफडीएही सांगते.

रिकामा तर चालवूच नका, मॅग्नेट्रॉन खराब होतो. कपभर पाणी ठेवून मिनिटभर लावा. चांगलं तापलं तर मशीन ठीक आहे. संध्याकाळी सगळ्यांचे एसी-कूलर सुरू असताना व्होल्टेज पडतं, तेव्हा तापायला वेळ लागतो; सकाळी पुन्हा बघा. ताटली अडत असेल तर खालची रिंग धुवा. ठिणग्या उडत असतील तर आतल्या भिंतीवरचा अभ्रकाचा पत्रा बघा. तेलकट असेल तर प्लग काढून पुसा, जळाला असेल तर त्याच मापाचा नवा बसवून घ्या. त्यासाठी बाहेरचा पत्रा खोलावा लागत नाही.