गवत्या माशाच्या (ग्रास कार्प) जिऱ्यावर, म्हणजे आमच्या हॅचरीतल्या बारीक मत्स्यबीजावर, एक स्टार देणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

आपला हेलपाटा झाला, जिरे ठरल्यापेक्षा फारच कमी मिळाले, याबद्दल दिलगीर आहोत. शेततळं भरून ठेवलेलं आणि बीज हातात नाही, तेव्हा जिवाची काय घालमेल होते ते आम्हालाही कळतं. पण "म्हातारी मादी लावली, इंजेक्शन भेसळीचं, चांगली फुगलेली अंडी यांनीच घालवली, वर पोरगा फोनवर उर्मट बोलला" हे आपण लिहिलंत ते वाचून उद्या बुकिंगला निघालेला माणूस वाटेतूनच माघारी फिरेल. आमचा सगळा हंगाम जून ते ऑगस्टचा, त्यावर वर्ष काढायचं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी इंजेक्शन. आपली मादी ५ किलोची. ओव्हाप्रिम (अंडी सुटायला देतात ते हार्मोन) किलोला अर्धा मिली या हिशोबाने तिला अडीच मिली दिलं, ४-४ किलोच्या दोन नरांना किलोला ०.२ प्रमाणे. रात्री ८ वाजता, आपल्या माणसासमोर, सीलबंद कुपी फोडून. त्याच कुपीतून त्याच टाकीतल्या दुसऱ्या गवत्या मादीलाही डोस दिला होता, ती दुसऱ्या शेतकऱ्याची ऑर्डर. ती पहाटे साडेचारला पिळली, म्हणजे पोट दाबून अंडी काढली. तिची दहातली आठ अंडी फळली. औषध तेच, पाणी तेच, पिळणारा हातही तोच. फरक फक्त घड्याळाचा.

गवत्याला २८ अंशांच्या पाण्यात डोसनंतर साधारण आठ-दहा तासांत अंडी सुटतात. आपली मादीही साडेचारलाच तयार होती. पोटावर नुसता अंगठा ठेवला तरी धार येत होती. पण "मी आल्याशिवाय हात लावू नका, पोरांना दाखवायचंय" असा आपला निरोप होता आणि यायची वेळ ५ ची ठरलेली. पावणेपाचला आमच्या पोराने फोन केला: "साहेब, अंडी सुटलीत, आता थांबता येत नाही." आपण म्हणालात, आलोच दहा मिनिटांत. साडेपाचला पुन्हा फोन, तेव्हा गाडी चहाला थांबलेली. या दुसऱ्या फोनवर त्याचा आवाज चढला असेल. त्यालाच आपण उर्मटपणा म्हणताय. आपण पोचलात साडेसातला.

आता या तीन तासांत काय होतं ते सांगतो, कारण खरी गोम तिथेच आहे. रोहू-कटला गोल टाकीत सोडले की अंडी सुटताच स्वतःच टाकतात. गवत्या आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) बहुतेक वेळा टाकत नाहीत, पिळूनच घ्यावे लागतात. पिकलेलं अंडं आपल्या आवरणातून सुटून अंडाशयाच्या पोकळीत येतं. तोवर त्याला मादीच्या रक्तातून प्राणवायू मिळत असतो. सुटलं की तो पुरवठा तुटला. पाणी जितकं गरम तितकं ते लवकर शिळं होतं. आपल्याकडच्या पावसाळी पाण्यात पहिला तास उत्तम, दुसऱ्यात घसरगुंडी, त्यापुढे जे हाती लागेल ते. अंड्याच्या कवचाखालचे बारीक कण विस्कटतात, काही अंडी आतच फुटून त्यांच्याभोवतीचा द्रव गढूळ होतो. चांगली अंडी सुटी, पारदर्शक आणि सलग धारेने येतात. आपल्या मादीची आधी पांढुरकं पाणी आणि मागून गोळे-गोळे आली. ताट आपल्या समोरच होतं, व्हिडिओही आपणच काढलात. तो टाका इथे.

"फुगलेली अंडी" हाही मुद्दा बघू. पाणी लागलं की न फळलेलं अंडंही फुगतं, पहिल्या तास-दोन तासांत तर फळल्यासारखंही दिसतं. खरा हिशोब चार-सहा तासांनी: फळलेलं पारदर्शक राहतं, दुसरं पांढरं पडतं. नराचं वीर्य ताटात कोरडंच, कोंबडीच्या पिसाने मिसळलं आणि मगच पाणी घातलं, आपण म्हणता तसं ते "उशिरा" नव्हे. गवत्याचे शुक्राणू पाण्यात जेमतेम मिनिटभर पळतात. आधी पाणी घातलं असतं तर उरलेलीही गेली असती.

पांढरी अंडी काढली नाहीत तर कुजून जाळी बुजवतात आणि चांगल्यांचा प्राणवायू खातात, म्हणून ती काढून टाकली. शिळ्या अंड्यांतून निघालेली वाकड्या शेपटीची पिल्लंही आम्ही वाटीत मोजली नाहीत. मोजली असती तर आकडा भरला असता आणि तुमच्या तळ्यात आठवड्यात मेली असती. याबद्दल निदान एक स्टार जास्त मिळायला हरकत नव्हती.

आपण दाखवलेल्या दुसऱ्या व्हिडिओत अंडी सुटल्यावर आठवडाभर मादीच्या पोटात चालतात असं आहे. ते ट्राउट. काश्मीर-हिमाचलात १० अंशांच्या पाण्यात ते खरंच चालतं. तो नियम आपल्याकडे लावता येत नाही.

राहिले पैसे. हार्मोन वापरलं गेलं, ते कुपीत परत जात नाही. जिऱ्याचे मात्र जेवढे मोजून दिले तेवढेच घेतलेत, पावती बघावी. मोफत दुसरी खेप हवी म्हणालात, पण तीच मादी लगेच परत घेता येणार नाही. दुसरी बघू, तीही नळीने अंडी काढून तपासून. ऑगस्ट संपत आला की न टाकलेली अंडी मादीच्या पोटातच जिरायला लागतात, पोट मऊ दिसलं तरी इंजेक्शन वाया जातं. त्यामुळे यायचं तर याच आठवड्यात फोन करून या. ग्राहक येवो न येवो, तयार मादी पिळायचीच, असा बोर्डही लावायचं चाललंय. बुकिंगच्या पद्धतीत आणखी काही सुधारणा आहेत, त्या हळूहळू करू.

गवत्या नाहीच जमला तर चंदेऱ्याचं जिरे शिल्लक आहे, त्यात आपल्याला भावात सांभाळून घेऊ. न्यायला मात्र सकाळी ८ च्या आत या, उन्हात पिशव्या तापतात.