नेरळची मिनी ट्रेन पावसाळ्यात माथेरानला जात नाही

"भर पावसात नेरळहून जागतिक वारसा असलेल्या मिनी ट्रेनने माथेरान, एका दिवसात" हा मेसेज सध्या फिरतोय. परवा मीही तो न तपासता पुढे पाठवला, त्याबद्दल माफ करा.

नेरळ ते अमन लॉज (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) हा घाटातला टप्पा साधारण जून ते ऑक्टोबर बंद असतो. २००५ आणि २०१९ च्या पावसात रूळांखालची माती वाहून गेली होती. २०१९ नंतर तर पूर्ण मार्ग २०२२ मध्येच सुरू झाला. गेल्या जुलैत मी स्वतः नेरळला उतरलो, तर रूळांत गवत वाढलेलं. लेकरं घेऊन आलेली दोन कुटुंबं तिथेच हिरमुसून बसली होती.

पावसाळ्यात चालते ती अमन लॉज ते माथेरान शटल, जेमतेम ३ किलोमीटर. नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जा, तिथून अमन लॉज स्टेशन जवळच आहे.

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-शिमला या डोंगरी रेल्वे आहेत. १९०७ ची आपली माथेरानची गाडी फक्त संभाव्य यादीत आहे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल, तिथे हा खुलासा टाका.