मामा खरं बोलतात, म्हणून यती खरा?

नमस्कार,

यतीवरच्या, म्हणजे हिमालयातल्या कथित हिममानवावरच्या, माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एसीत बसून शेर्पांना खोटं पाडणं सोपं असतं. २०१९ मध्ये आपल्या सैन्याने पाऊलखुणांचे फोटो टाकले, मग जवान खोटं बोलतील का? तुमच्या मामांनी नोकरीत असताना गढवालमध्ये तिन्हीसांजेला दोन पायांवर उभं असलेलं काहीतरी बघितलंय. इतके लोक कसे चुकतील? डोंगरी गोरिलालाही शास्त्राने उशिराच मानलं ना? आणि शेवटी, यती नाहीच हे मी सिद्ध करून दाखवावं.

लेखात मी कुणालाच खोटारडं म्हटलेलं नाही. ते तुम्ही गृहीत धरलंत आणि गोम तिथेच आहे. साक्षीदार एक तर थापा मारतो, नाहीतर त्याने यती बघितलाय, अशा दोनच वाटा तुम्ही शिल्लक ठेवल्यात. सगळ्यात वहिवाटीची वाट तिसरी आहे: माणूस प्रामाणिक असतो, त्याला खरंच काहीतरी दिसलेलं असतं, फक्त ते काय होतं हे ठरवताना तो चुकतो.

मामांच्याच गढवालमधला किस्सा सांगतो. मार्च १९८६ मध्ये अँथनी वूल्ड्रिज नावाचा इंग्रज धावपटू हेमकुंडच्या बाजूला एकटाच निघाला होता. वाटेत बर्फात चमत्कारिक पाऊलखुणा दिसल्या. आणखी वर गेल्यावर झुडपामागे सरळ उभी, काळपट, माणसापेक्षा उंच आकृती. अंतर दीडशे मीटरच्या आसपास. पठ्ठ्या पाऊण तास तिच्याकडे बघत राहिला, फोटोही काढले. त्या पाऊण तासात आकृती जागची हलली नाही! फोटो जाणकारांनीसुद्धा गांभीर्याने घेतले. पुढे त्या जागेची नीट मोजमापं झाली, तेव्हा तो खडक निघाला. वूल्ड्रिजने स्वतःच हे जाहीरपणे मान्य केलं. या माणसाच्या सचोटीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण खडकाचा यती झाला तो आधी दिसलेल्या पाऊलखुणांमुळे. डोक्यात एकदा प्रश्न शिरला की पुढे दिसेल ते त्याचं उत्तर वाटू लागतं. एरवी, पाऊण तास न हललेल्या वस्तूला आपण प्राणी म्हटलं असतं का?

आता जवानांकडे येतो. २९ एप्रिल २०१९ चं ते ट्वीट पुन्हा वाचा. नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ ३२ × १५ इंचांचे ठसे दिसले, इथपर्यंत साक्ष आहे आणि ती मला मान्य आहे. ते ठसे यतीचे, हा निष्कर्ष झाला. वर्दीचा मान शंभर टक्के, पण त्या मानाने ठशाचा मालक ठरत नाही. अस्वलाचा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडला की दोन्ही मिळून एक लांबलचक पाऊल तयार होतं, त्यात ऊन लागून बर्फ वितळला की ते आणखी पसरतं. त्या तुकडीसोबत नेपाळी सैन्याचा संपर्क अधिकारी होता. स्थानिक लोक आणि हमाल हे ठसे अस्वलाचे म्हणतात, असं नेपाळी सैन्याने नंतर सांगितलं. स्थानिकांचं ऐका असा तुमचाच आग्रह आहे ना? मग ऐकू या की!

'इतके लोक कसे चुकतील?' याला दिल्लीतला मे २००१ आठवावा. 'काला बंदर' आठवतोय? उकाडा, वीज गेलेली, लोक गच्चीवर झोपलेले, आणि रात्रभर पोलिसांचे फोन खणखणतायत. कुणी माकड सांगितलं, कुणी हेल्मेटवाला, कुणी लोखंडी नखांचा. पोलिसांनी रेखाचित्रंसुद्धा काढून घेतली. घाबरून पळताना पडून माणसं दगावली, तो बंदर मात्र कधीच सापडला नाही. तक्रारी शेकडो होत्या, पण तक्रार करणारे सगळे त्याच बातम्या बघत होते. एकाच्या तोंडची गोष्ट शंभरांनी सांगितली म्हणून शंभर साक्षी होत नाहीत.

'नाही हे सिद्ध करा' याबद्दल फार लिहीत नाही. दावा ज्याचा, पुरावा त्याचा. तुम्ही दिलेलं डोंगरी गोरिलाचं उदाहरण मात्र उलट माझ्या बाजूचं आहे. १९०२ मध्ये फॉन बेरिंगे या जर्मन अधिकाऱ्याने तो मारला, सांगाडा बर्लिनला पोचला, तेव्हा कुठे शास्त्राने तो मान्य केला. यतीचे म्हणून जपलेले अवशेषही तपासून झालेत: २०१७ मध्ये नऊ नमुन्यांचे जनुकीय निकाल आले, आठ अस्वलांचे आणि एक कुत्र्याचा.

राहता राहिले मामा. हिमालयातलं काळं अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, म्हणून मी घाईने काही ठरवत नाही. त्यांना एवढंच विचारा: अंतर किती होतं, किती वेळ दिसलं, ते चालताना दिसलं की नुसतं उभं? आणि यतीचं नाव तिथल्या तिथे त्यांच्याच मनात आलं, की रात्री तळावर दुसऱ्या कुणी काढलं? त्यांची हरकत नसेल तर उत्तरं पाठवा, त्यांच्याच शब्दांत इथे छापतो.