बिल्ला उलटा करू नका

जळगावच्या बाजारात भरताचं वांगं घेताना आपण किती घोळ घालतो ते आठवा. बामणोदचं आहे ना, देठ ताजा आहे ना, आकाराच्या मानाने हाताला हलकं लागतं ना, कुठे बारीक भोक तर नाही. शेवटी पाच रुपये कमी करून घेतल्याशिवाय वांगं पिशवीत पडत नाही. तोच माणूस रविवारी जुन्या सामानाच्या बाजारात जातो आणि इंग्रजांच्या काळातला म्हणून फौजी टोपीचा पितळी बिल्ला दोन हजारांना घेऊन येतो, कागदात गुंडाळलेला, पुडी न उघडता. मला ही पद्धत मनापासून पटते. वांग्याने फसवलं तर संध्याकाळी पानावर बसलेलं सगळं घर बोलतं. बिल्ल्याने फसवलं तर कोणाला कळतंय?

या छंदात मी स्वतः बरेच पैसे घातलेले असल्यामुळे सल्ला द्यायचा अधिकार मला आपसूक मिळाला आहे. नव्याने या वाटेला लागणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं आणि चुकूनही कुठल्या जाणकाराला दाखवू नये.

सगळ्यात आधी एक पथ्य: बिल्ला उलटा करून पाहायचा नाही. सोनगीरचा तांबट घागर हातात घेतली की पहिल्यांदा बूड बघतो, मग टिचकी मारून आवाज ऐकतो. ती त्याच्या धंद्याची खोड. आपण रसिक माणसं, आपण चेहरा बघावा. पाठ फार चहाडखोर असते. खरा बिल्ला बहुधा साच्यात पत्रा दाबून ठोकलेला असतो, त्यामुळे पुढून जो सिंह फुगलेला दिसतो तोच मागून खळगा होऊन दिसतो. ओतीव नकलेची पाठ सपाट, पुरळ उठल्यासारखी, आणि कडेला कानशीने घासल्याच्या रेघा. शिवाय मागे अडकवायची सोय असते. कुठे तांब्याच्या तारेच्या दोन कड्या, त्यांतून पिन जाते. कुठे एक चपटा दांडा, तो टोपीच्या चिरेत खोचायचा. कड्या कशा डागल्या आहेत, दांडा वापराने वाकला आहे का, की कालच बसवल्यासारखा ताठ उभा आहे, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. काही बिल्ले तर मूळच्याच साच्यांतून पन्नास वर्षांनी पुन्हा ठोकलेले असतात. त्यांचा चेहरा अगदी अस्सल, सगळी लबाडी पाठीवर. दांड्यावर बर्मिंगहॅमच्या जे. आर. गाँट यांचं नाव उमटलेलं असलं म्हणजे मग बोलायलाच नको. नावाचा ठसा कोणीही मारू शकतो, पण इतका संशय घेऊन माणसाने जगायचं तरी कसं?

नवखा होतो तेव्हा धुळ्यात एका विक्रेत्याला मी विचारलं होतं, जरा मागून बघू का? तो म्हणाला, "साहेब, टोपीवर लावल्यावर मागचं कोणाला दिसतं?" या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तो बिल्लाही आजतागायत माझ्याकडेच आहे.

धातूपेक्षा कथेला पैसे मोजावेत. खान्देशात सगळ्यात उत्तम चालते ती आउट्रमची कथा. जेम्स आउट्रम हा इंग्रज फौजी अधिकारी १८२५ साली बावीस वर्षांचा असताना इथे आला, भिल्लांशी लढता लढता त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊ लागला आणि त्यांचीच पलटण धरणगावला उभी केली. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच कामाचं आहे. कुठलाही काळपट, ओळख न लागणारा बिल्ला हाताशी आला की डबीवर चिठ्ठी लावायची: 'भिल्ल कोअर, धरणगाव, १८२५'. एखादा शहाणा म्हणेल, अहो, खुद्द गोऱ्या पलटणींत साध्या शिपायाच्या टोपीवर असे बिल्ले सरसकट आले ते १८९० च्या दशकाच्या अखेरीला. त्याला चहा पाजून वाटेला लावावं. आमच्या ओळखीच्या एका नानांकडे भिल्ल कोअरचे असे तीन बिल्ले आहेत. त्यांतल्या एकावर वाफेचं इंजिन आहे.

बिगुल दिसला की मराठा पलटण, हे सूत्र तर लहान मुलांनाही शिकवावं. बिगुल हे ब्रिटिश फौजेतल्या झाडून साऱ्या लाइट इन्फन्ट्रीचं, म्हणजे हलक्या पायदळाचं, चिन्ह होतं, डरहॅमवाल्यांचंही आणि श्रॉपशायरवाल्यांचंही. पण त्यांनी मध्ये स्वतःची आद्याक्षरं घालून आपली पंचाईत करून ठेवली. ऑक्सफर्डशायर अँड बकिंगहॅमशायर लाइट इन्फन्ट्री मात्र मनाची मोठी. त्यांचा बिल्ला म्हणजे दोरीला टांगलेला नुसता बिगुल, वर एक अक्षर नाही. ही जागा त्यांनी आपल्यासाठीच मोकळी सोडली असणार. असे बिनअक्षरी बिगुल मी 'मावळ्यांची पलटण' म्हणून काचेच्या कपाटात, खाली भगवा मखमली तुकडा अंथरून ठेवलेले पाहिले आहेत, आणि खरं सांगतो, शोभतात.

मराठा पलटणीच्या जुन्या इंग्रजी नावात मध्येच एक जादा एच असायचा, कारण इंग्रज आपल्याला 'माहरट्टा' म्हणून लिहीत. स्वातंत्र्यानंतर तो एच गेला. एचसाठी डोळे फोडून घेऊ नका. तारखांच्याही नादी लागू नका. पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री हे नावच १९२२ च्या फेररचनेत पडलं. त्याआधी १०३, १०५, ११०, ११६, ११७ अशा वेगवेगळ्या आकड्यांच्या पलटणी होत्या. म्हणून 'पाचवी मराठा, पहिलं महायुद्ध' अशी चिठ्ठी असलेला बिल्ला समोर आला तर अजिबात सोडू नये. जी वस्तू कधी अस्तित्वातच नव्हती, ती पुन्हा पुन्हा थोडीच मिळणार?

आडव्या मशीनगनचं प्रकरण जरा नाजूक आहे. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा जयस्तंभ होता, एकमेकींवर आडव्या ठेवलेल्या दोन व्हिकर्स मशीनगन मागाहून आल्या. ब्रिटिशांची मशीन गन कोअर म्हणून वेगळीच फौज १९१५ ते १९२२ पर्यंत होती, तिच्याही बिल्ल्यावर अशाच दोन आडव्या मशीनगन, फक्त डोक्यावर मुकुट. आता मुकुट कानशीने उडवायला कितीसा वेळ लागतो? असा एक महाभाग मी हातात घेऊन पाहिला आहे. बंदुकांच्या वर, जिथे मुकुट असायला हवा तिथे, घासून घासून लख्ख केलेलं टक्कल होतं. विक्रेता म्हणाला, सैनिकाने अभिमानाने रोज पॉलिश केल्याची खूण आहे. एवढ्याच जागेवर? "तिथे अभिमान जास्त."

मुकुटावरून आठवलं. इंग्रजी बिल्ल्याचं वय मुकुटावरून निघतं म्हणतात. १९०१ पर्यंत व्हिक्टोरियाचा. पुढे एडवर्ड, दोन्ही जॉर्ज यांच्या काळात १९५२ पर्यंत गोल घुमटी, तव्यावर टम्म फुगलेल्या फुलक्यासारखा. त्यानंतर एलिझाबेथचा, मध्ये दबलेला, सुतळी सैल झालेल्या बाजेसारखा. आपल्याकडे २६ जानेवारी १९५० पासून मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. एवढं पाठ केलं की पाच सेकंदांत निकाल लागतो आणि पाच सेकंदांत निकाल लागला तर बाजारातली अर्धी मजा संपली. एक सद्‌गृहस्थ मला आजोबांचा मेसोपोटेमियातला बिल्ला दाखवत होते. आजोबा १९१६ साली बसऱ्याला उतरले, हे त्यांनी कागदासकट सिद्ध केलं. बिल्ल्यावर मुकुट बाजेसारखा. म्हणजे आजोबा जिच्या नावाने सलाम ठोकत होते, ती राणी जन्मायलाच अजून दहा वर्षं होती. मी काही बोललो नाही. त्यांच्याकडे शेवभाजी फार छान करतात.

बिल्ला घरी आला की घासा. यात हयगय नको. खरा शिपाई बिल्ला रोज चमकवायचा, त्यामुळे उंचवटे झिजून गुळगुळीत होतात आणि पॉलिशचा पांढरट-हिरवा गाळ खाचाखोचांत वर्षानुवर्षं साचत जातो. जाणकार म्हणे त्या गाळावर भुलतात. तो गोमूत्रात बुडवून उकिरड्यात पुरल्याने येत नाही, सगळीकडे सारखा हिरवा येतो. माझ्या हाती एकदा असाच एक जुना बिल्ला आला, पितळ आणि पांढरा धातू असा जोड असलेला. मी चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन मोरीत बसलो. अर्ध्या तासाने काळेपणा गेला, गाळ गेला, पितळ ठिकठिकाणी गुलाबी पडलं आणि पांढऱ्या धातूचा काळवीट कोणता प्राणी आहे हे सांगता येईना. सौभाग्यवती म्हणाल्या, आता कसा आंघोळीच्या घंगाळासारखा झाला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन मी एका निवृत्त सुभेदारांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, बिल्ला पाहिला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बिल्ल्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मोरीत घासला का?"

प्लॅस्टिकचा बिल्ला निघाला तर नातवाला खेळायला द्या. दुसऱ्या महायुद्धात धातू वाचवायला ब्रिटिशांनी प्लॅस्टिकचे बिल्ले काढले होते आणि संग्राहक आज त्यांच्यामागे धावतात, पण आपल्या नातवापेक्षा संग्राहक मोठा आहे का? आणि पिसासारखा हलका, सोन्यासारखा झगझगीत बिल्ला मिळाला, तर व्हिक्टोरियाच्या दरबारातला समजून तिजोरीत ठेवा. तो १९५० नंतरचा रंगवलेला ॲल्युमिनियम निघाला तरी तिजोरीला काय फरक पडतो? कॉलरचे बिल्ले जोडीने येतात, एकमेकांकडे तोंड करून, आकाराने लहान. यांना 'छोट्या टोपीचा बिल्ला' म्हणावं.

भुसावळकरांसाठी स्वतंत्र सूचना. तुमच्याकडे बिल्ला म्हटलं की पहिल्यांदा आठवतो तो हमालाच्या दंडावरचा. त्यामुळे भंगारात नंबर कोरलेला पितळी बिल्ला दिसला की भुसावळबाहेरचा माणूस तो फौजी म्हणून घेतो आणि भुसावळचा माणूस खरा फौजी बिल्ला हमालाचा म्हणून सोडून देतो. असा एकूण व्यवहार समतोल राहतो. जी.आय.पी., म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेच्या नोकरांची स्वयंसेवक पलटणही होती. दिवसा इंजिन, ठरल्या वेळी कवायत. तिच्या नावाची ती तीन अक्षरं असलेला एक तुकडा माझ्यासमोर किलोच्या भावात तराजूत पडला. शेजारी कुकरचं झाकण होतं. मी दीनवाणा चेहरा करून तो मागितला तेव्हा भंगारवाल्याने निरखून पाहिलं आणि म्हणाला, हमालाचा आहे, नंबर तुटलाय, ने तसाच. आयुष्यात मला फुकट मिळालेली एवढी एकच खरी वस्तू, आणि ती मिळाली तीही कथा नव्हती म्हणून.

कागदपत्रांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या माणसाच्या नावाने ते आहे, तो गावोगाव हिंडून लोकांच्या दप्तरांतून कागद गोळा करायचा आणि वाचायचाही. वाचण्याची सवय वाईट. घरातल्या पेटीत पणजोबांचं पेन्शनबुक असेल, त्यावर पलटणीचं नाव, नंबर, भरती झाल्याची तारीख असेल, तर ते बांधून माळ्यावर टाका. पणजोबा कोणत्या पलटणीत होते हे कळलं की मग कपाटातला बिल्ला त्या पलटणीचा नाही हेही कळतं, आणि दिवाळीला पाहुणे आले की सांगायला काही उरत नाही.

आता शेवटचं, अमळनेर तालुक्यातलं. पोळ्याचा दिवस. बैल वेशीपाशी जमले होते, शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झुली, वाजंत्री. एका पांढऱ्या बैलाच्या कपाळावरच्या मथाटीत कवड्या आणि गोंडे होते आणि त्या सगळ्याच्या मधोमध, लाल दोऱ्याने घट्ट शिवलेला, एक पितळी बिगुल. मी गर्दीतून वाट काढत पुढे गेलो. आजूबाजूचे मुकाट्याने बघत होते, माणूस बैलाला बघायला आला की बैलाच्या कपाळाला, हे त्यांना कळेना. बिगुल झिजून गोट्यासारखा गुळगुळीत झालेला. खालच्या पट्टीवरची अक्षरं जवळजवळ पुसलेली. मी अंगठा फिरवला. मध्ये एक एच हाताला लागला.

माझाच लेख, माझाच सल्ला, पण राहवलं नाही. बैलाला गूळ-पोळी चारत मथाटीची कड वर उचलली. मागे दोन कड्या, तांब्याच्या, हिरव्या पडलेल्या, दोऱ्यात रुतलेल्या. बैलाने मान झटकली.

"हवालदार, उभा ऱ्हाय," मालक म्हणाला. बैलाचं नाव हवालदार होतं.

मी विचारलं, हा बिल्ला कुठला? तो म्हणाला, "मना आजा पलटनमा व्हता. तो गया, मंग बैलले बांधा. तवापासून जो बैल ये तो हवालदार." या गोठ्यातला हा चौथा हवालदार. आजोबांचं नाव, गाव, परत आले ते साल, सगळं त्याने एका दमात सांगितलं, न विचारता, आणि एकही गोष्ट वाढवून सांगितली नाही. माझ्या कपाटातल्या चाळीस बिल्ल्यांपैकी एकाबद्दलही मला एवढं सांगता येणार नाही.

मी दोन हजार म्हणालो. मग तीन. पाचला पोचलो तेव्हा त्याने माझ्याकडे, पोळ्याला दारू पिऊन आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं, प्रेमाने पाहिलं.

"एकला बिल्ला देवाव नही भाऊ. लेना व्हई ते बैल संगे ली जाय."