तीन लाल टिका आणि वॉरंटशिवाय अटक: त्या मेसेजमध्ये खरं किती?

‘उद्यापासून संपर्काचे नवे नियम लागू’ हा मेसेज सोसायटीच्या, नातेवाइकांच्या, शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. सगळे कॉल रेकॉर्ड होणार, फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडला जाणार, तीन निळ्या टिका म्हणजे सरकारने मेसेज पाहिला, तीन लाल म्हणजे समन्स निघालं, आणि राजकारण-धर्मावर लिहिलं तर वॉरंटशिवाय अटक, असे त्यातले दावे. केंद्राच्या पीआयबी (पत्र सूचना कार्यालय) फॅक्ट चेकने तो खोटा ठरवला, तरी तो थांबत नाही.

टिकांचं आधी उरकू. एक करडी म्हणजे गेला, दोन करड्या म्हणजे पोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. तिसरी टिक नाही आणि लाल रंगही नाही.

रेकॉर्डिंगचा दावाही टिकत नाही. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे मेसेज आणि कॉल एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्टेड आहेत. मजकूर फक्त दोन टोकांच्या फोनांवर उलगडतो. कोण कोणाशी कधी बोललं याची माहिती मात्र कंपनीकडे असू शकते, हेही सांगायला हवं. साध्या फोनचं टॅपिंग कायद्याने होतं, पण ठरावीक नंबरापुरतं आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाने. फेब्रुवारी २०२१ च्या आयटी नियमांत मेसेजचा मूळ प्रेषक शोधून देण्याची तरतूद आहे. व्हॉट्सॲपने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. तो वाद खरा आहे, पण ती तरतूदसुद्धा आदेशाशिवाय लागू होत नाही.

सगळ्यात घातक दावा अटकेचा. लोकांना तो पटतो, कारण असं घडलेलं आहे आणि आपल्याच राज्यात घडलेलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्यावर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली, आणि दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने आयटी कायद्याचं, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. म्हणजे तो मेसेज ज्या भीतीवर जगतो, तिच्या मुळाशी असलेलं कलमच आज नाही. दोन समाजांत तेढ पसरवणं हा गुन्हा आहे आणि त्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. पण सरकारवर टीका करणं म्हणजे तेढ पसरवणं नव्हे.

‘सदस्याने काही टाकलं तर ॲडमिन आत’ ही त्याच भीतीची पुरवणी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की समान हेतू किंवा आधीचं संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही.

यावर हमखास ऐकू येतं: ‘खोटा असला म्हणून काय झालं? लोक जपून तरी लिहितील!’ मला हे अजिबात मान्य नाही. पाण्याची वेळ, शाळेची सूचना, गावाकडच्या मयताची बातमी, सगळं आज याच ग्रुपांवर येतं. रस्ता का खचला हे विचारायची जागाही तीच, आणि या मेसेजमुळे तिथे गप्प बसतो तो साधा, कायद्याला मानणारा माणूस. सरकार आपला प्रत्येक शब्द ऐकतंय असं एकदा मनात बसलं, की ‘डिजिटल अरेस्ट’ची, म्हणजे फोनवरूनच अटक केल्याची, धमकी देणाऱ्या ठगांचं काम सोपं होतं. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश दिसतो आणि निवृत्त माणसं आयुष्यभराची पुंजी त्यांच्या खात्यात भरून मोकळी होतात. कायद्यात अशी अटकच नाही. असा कॉल आला तर तो कापा, आणि पैसे गेले असतील तर एक मिनिटही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा.